मागें बसणारा

गेल्या महिन्याच्या टपालांत एका वाचक-भगिनीचें पत्र आलें. घर एकत्र, सासूसासरे, दोन दीर, जावा, मुलेंबाळें असा भरला संसार. धाकट्या मुलाला तबल्याचा नाद लागला आहे आणि हात चांगला आहे, असें शिकविणारे सांगतात. येथवर कोणाची तक्रार नाहीं. परंतु परवां त्या मुलानें जेवतांना सांगून टाकलें कीं, मला एकट्यानें वाजवावयाचें नाहीं, मला साथ करावयाची आहे. आणि तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. "साथीदाराचें नांव कोण घेतो? जन्मभर दुसऱ्याच्या मागें बसावयाचें, तर मग एवढा खटाटोप कशाला?" असें थोरले दीर म्हणतात. भाऊजींचें म्हणणें खरें कीं काय, असा बाईंचा प्रश्न आहे.

भाऊजींचें म्हणणें अगदींच वाऱ्यावर सोडण्यासारखें नाहीं. आपल्याकडे गाण्याच्या जाहिरातींत गवयाचें नांव ठळक टाइपांत असतें, आणि तबला-पेटीवाल्यांचीं नांवें असलींच तर खालच्या ओळींत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तबकड्यांवर बहुधा तेवढींही नसत. तबकडी फिरूं लागली कीं तबल्याचा बोल स्वच्छ कानीं पडतो, परंतु मधल्या कागदाच्या चकतीवर त्या बोटांचा मालक कोण हें लिहिलेलें सांपडत नाहीं. तेव्हां नांवापुरतें पाहिलें तर थोरल्या दिरांचा हिशेब चुकलेला नाहीं. मात्र साथ म्हणजे दुय्यम काम, ज्यास मुख्य काम जमत नाहीं त्यानें करावयाचें, अशी जी समजूत त्या बोलण्याच्या बुडाशीं आहे, तिच्याविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस जरूर वाटतें.

आमच्या पाटणाकडच्या मंडळींना साथ म्हणजे काय हें प्रथम कळतें तें कीर्तनांत. चाफळ आमच्याच तालुक्यांत. रामनवमीचा उत्सव आला कीं लहानपणापासून कीर्तनाला जाऊन बसण्याची संवय. कीर्तनकार बुवा उभे, मागें एका अंगास पेटी आणि दुसऱ्या अंगास तबला. बुवांचें निरूपण रंगांत आलेलें असतें, श्रोते त्यांत बुडालेले असतात, आणि तबलजी मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ. पाहणाऱ्यास वाटावें, याला डुलकी लागली. परंतु बुवा बोलतां बोलतां, वाक्य पुरें होण्याच्या आधींच, एकदम पदावर जातात. पद कोणतें, ताल कोणता, लय केवढी, हें सांगावयास त्यांना सवड नसते. पहिल्या दोन शब्दांत तबलजीनें तें ओळखावयाचें आणि समेवर थाप अशी द्यावयाची कीं बोलणें कोठें संपलें आणि गाणें कोठें सुरू झालें याचा सांधा श्रोत्याला दिसूं नये. तो तबलजी इतका वेळ स्वस्थ होता तो निरूपण शब्द न शब्द ऐकत होता म्हणून. ज्याला कथा ठाऊक नाहीं आणि ज्याचें चित्त ठिकाणावर नाहीं, त्याचा हात कितीही तयार असो, तो कीर्तनांत फसतो.

हीच गोष्ट मोठ्या रंगभूमीवर, मोठ्या प्रमाणांत घडली. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हे मूळचे नागठाण्याचे. (सातारा-कऱ्हाड रस्त्यावरचें नागठाणें निराळें, हें कृष्णाकांठचें, आजच्या सांगली जिल्ह्यांतील पलूस तालुक्यांतलें.) जन्म १८८८ चा. १९०५ सालीं मिरजेस किर्लोस्कर मंडळींत शकुंतलेच्या भूमिकेंत ते प्रथम उभे राहिले. १९१३ सालीं त्यांनीं गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. हा इतिहास आमच्या वाचकांच्या घरोघर आजोबा-पणजोबांच्या तोंडून येऊन गेलेला आहे; तो पुन्हा सांगत नाहीं. त्या मंडळींत रंगमंचाच्या पायाशीं कोण बसत असे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

तेथें तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत आणि सारंगीवर कादरबक्ष. थिरकवा खांसाहेब मुरादाबादचे. मुंबईस मुनीरखां यांच्यापाशीं त्यांनीं विद्या घेतली. बोटें तबल्यावर थिरकतात, नाचतात, म्हणून पडलेलें हें लाडकें नांव. पुढें मूळ नांव मागें राहिलें आणि तेंच जगभर झालें. एकट्यानें बसून तास तास तबला ऐकवावा आणि ऐकणाऱ्यास गवयाची आठवण होऊं नये, अशी ज्याची योग्यता, तो कलावंत एका नाटक मंडळींत पदांना ठेका धरावयास बसला. पेशकार, कायदे, रेले, गती यांचें केवढें भांडार त्या हातांत होतें! आणि पदाला हवें काय? आठ मात्रांची धुमाळी किंवा केरवा, सोळांचा त्रिताल, कोठें दहा मात्रांचा झपताल, कोठें दादरा. आजच्या कोणत्याही संगीत वर्गांतलें पोर हे ठेके पहिल्या वर्षीं शिकतें.

येथेंच खरी मेख आहे. ठेका येणें आणि ठेका धरणें या दोन गोष्टी एक नव्हत. बालगंधर्वांच्या गाण्याचा विशेष असा कीं, तें बोलण्यांतून उगवत असे. संवादाचें शेवटलें वाक्य आणि पदाचा पहिला शब्द यांत शिवण दिसत नसे. पुन्हा एकच ओळ दहा वेळां आली तर दहा वेळां निराळी. कोठें शब्द मात्रेच्या किंचित् मागें रेंगाळावयाचा, कोठें अलगद पुढें टाकावयाचा, आणि समेवर मात्र अचूक येऊन बसावयाचें. असें गाणाऱ्याला ठेका लवचीक लागतो, पण ढिला चालत नाहीं. तबलजी गाणाऱ्याच्या मागें मागें फरफटत गेला तर लय विरघळते. हट्टानें पुढें राहिला तर गाणाऱ्याचा श्वास कोंडतो. दोहोंच्या मध्यें उभें राहावयाचें, आणि तेंही हजार डोळे दुसऱ्याकडे लागलेले असतांना.

त्यांतून भूमिका बदलत. 'स्वयंवर' नाटकांतली रुक्मिणी राजकन्या, तिचा आनंद ओसंडून वाहणारा. तेथें पदाच्या शेवटीं लग्गी लागून चार बोल खुलले तर प्रसंगाला शोभतात. 'एकच प्याला'तली सिंधू दारुड्या नवऱ्याची बायको, दळणकांडण करणारी. ती गात असतांना तबल्यानें आपली करामत दाखविली तर त्या घरचें दारिद्र्य खोटें ठरावें. तबला तोच, हात तोच, ठेकाही कदाचित् तोच. बायाँवर तळहात किती दाबावयाचा, घुमारा किती सोडावयाचा, किनार किती लखलखूं द्यावयाची, एवढाच काय तो फरक. परंतु त्या फरकावर प्रसंग तरतो कीं बुडतो. नाटक समजल्यावांचून हें कोणास साधेल? मुरादाबादचा एक उस्ताद मराठी नाटकाच्या पदांना असा ठेका धरतो, यांत त्यानें आमची भाषा आणि आमचा प्रसंग किती कान देऊन ऐकला असेल याची कल्पना करावी. आमच्या ब्राह्मणी घरांतून ज्या पदांचें कौतुक आजही चालतें, तीं उभीं राहिलीं तीं अहमदजान आणि कादरबक्ष या दोघांच्या खांद्यांवर, हें मुलांना सांगावयास आपण बहुधा विसरतों.

सारंगीचें काम आणखी नाजूक. तबल्याला निदान आपला स्वतंत्र आवाज असतो. सारंगीनें गाणाऱ्याच्या आवाजाचीच सावली व्हावयाची. गाणारा श्वास घेण्यासाठीं थांबला कीं ती पोकळी तिनें भरावयाची, आणि तो पुन्हा सुरू झाला कीं तिनें विरून जावयाचें. पुढें कांहीं ठिकाणीं हें काम व्हायोलिनकडे आलें, आणि त्या वाद्याला आमच्या सातारा जिल्ह्यानें दोन मोठे हात दिले हें अभिमानानें नमूद करावेंसें वाटतें. औंध दरबारचे गवई अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव गजाननराव (१९११–१९८७) गायनांत आणि व्हायोलिनवादनांत सारखेच अधिकारी, आणि वि. गो. जोग (१९२२–२००४) यांचा तर जन्मच वाईचा. जोगांनीं बिस्मिल्लाखांच्या सनईबरोबर व्हायोलिनची जुगलबंदी केली ती गाजली. पण जुगलबंदी निराळी आणि साथ निराळी. जुगलबंदींत दोन घोडे जोडीनें धांवतात आणि लोक दोघांकडे पाहतात. साथींत एकानें आपण दिसणार नाहीं हें आधींच कबूल केलेलें असतें.

हें सारें आपल्याच देशांतलें वैशिष्ट्य, असा आमचा समज होता. परंतु घरांतल्या एका तरुण नातवानें मध्यंतरीं मोबाईलवर एका आयरिश जोडीचें वादन ऐकविलें आणि आमचा समज बदलला. आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर परगण्यांतला मार्टिन हेज हा फिडल वाजवितो. फिडल म्हणजे आपलें व्हायोलिनच, परंतु खेड्यापाड्यांच्या नाचांत वाढलेलें. त्याचे वडील तुला या गांवच्या प्रसिद्ध नृत्यवाद्यवृंदाचे प्रमुख होते. दुसरा डेनिस कॅहिल. अमेरिकेंत शिकागो येथें १९५४ सालीं जन्मलेला, आईबाप आयर्लंडच्या केरी परगण्यांतून गेलेले. हा गिटार वाजवी. दोघांची गांठ शिकागोस पडली. आरंभीं दोघे एका कर्णकर्कश विजेच्या वाद्यांच्या ताफ्यांत होते. तो मोडला, आणि मग दोघेच दोन खुर्च्यांवर बसून वाजवूं लागले.

आयरिश गतींची ठेवण आपल्याला समजण्यासारखी आहे. आठ आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक दोनदां. अस्ताई-अंतऱ्यासारखेंच म्हणा ना. एक गत दोन-तीन वेळां झाली कीं तिलाच जोडून दुसरी. जुन्या रिवाजांत सगळे वादक एकच धुन एकदम वाजवीत. खालीं निराळे स्वर भरणारी गिटार तेथें अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, रुळली. म्हणजे परक्या मुलखांतून आलेल्या पेटीला आपल्या गाण्यांत जें करावें लागलें तेंच तिला तेथें करावें लागलें. आपल्याकडे तर १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला केंद्रांबाहेर काढलें आणि ती बंदी सैल व्हावयास तीस वर्षें लागलीं. श्रुति दाबून टाकते, मींड निघत नाहीं, हा पेटीवरचा आक्षेप. गिटारीवरचाही आक्षेप त्याच जातीचा कीं, जाड स्वरसमूहांचे ठोकळे खालीं घातले म्हणजे धुनीची मोकळी चाल जखडली जाते.

कॅहिल यानें त्यावर उपाय काढला तो वाजविणें कमी करण्याचा. जेथें इतर गिटारवाले सहा तारांवर हात ओढून खणखणाट करतात, तेथें हा दोनच तारा छेडी, कित्येकदां एकच, आणि कित्येकदां हात तारांवर ठेवून नुसता मार्टिनच्या कमानीकडे पाहत बसे. १९९९ सालीं निघालेल्या त्यांच्या सिॲटल येथील मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत जवळ जवळ अर्ध्या तासाचा एक सलग भाग आहे. आरंभ इतका संथ कीं आपल्या विलंबिताची आठवण व्हावी. मग गतीला गत जोडत, लय कणाकणानें चढत, शेवटीं सारें सभागृह टाळ्यांनीं उसळतें. त्या चढणीवर गिटार कोठें चढली हें आम्ही तीनदां ऐकून शोधूं पाहिलें. नेमकी जागा सांपडत नाहीं. लय वाढल्याचें कळतें तें वाढून गेल्यावर.

आणखी एक बारीक गोष्ट आमच्या डोळ्यांत भरली. १९९७ च्या त्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर दोघांचीं नांवें बरोबरीनें आहेत. फिडलवाला धुन वाजवितो, टाळ्या त्याला पडतात. तरी गिटारवाल्याचें नांव खालच्या ओळींत गेलेलें नाहीं. थोरल्या दिरांच्या आक्षेपाला याहून चांगलें उत्तर आम्हांस सुचत नाहीं: नांव लहान छापणें हा साथीचा गुण नसून छापणाऱ्याचा आहे. आमच्या इकडच्या उत्सवमंडळांनीं आणि गायनसंस्थांनीं यंदाच्या पत्रिका छापतांना एवढें मनावर घेतलें तर त्यांच्या पदरचा एक पैसा जाणार नाहीं.

पैशाची गोष्ट निघालीच आहे, तर तीही उघड बोलावी. कारण मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि नुसत्या कौतुकावर चूल पेटत नाहीं. साथीदाराचें जीवन दुसऱ्याच्या नशिबाला बांधलेलें असतें. गंधर्व मंडळींचें वैभव थोर, तसें कर्जही थोर. १९३१ नंतर बोलपट आले आणि नाटकगृहांतून गर्दी ओसरूं लागली. १९३५ सालीं स्वतः बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटांत एकनाथ झाले. मंडळी मोडली तेव्हां तिच्या पंक्तीला जेवणाऱ्या प्रत्येकाला दुसरें दार शोधावें लागलें. थिरकवांना रामपूरचा दरबार मिळाला, पुढें लखनौस भातखंडे विद्यालयांत ते अध्यापक झाले, आणि १९७० सालीं सरकारनें पद्मभूषण दिलें. परंतु ते थिरकवा होते. ज्यांचीं नांवें आपल्याला ठाऊकच नाहींत त्या पेटीवाल्यांचें आणि तबलजींचें काय झालें असेल, हा विचार आईनें करणें रास्त आहे. म्हणून त्या बाईंना आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलाचें शिक्षण पुरें होऊं द्यावें, हातीं पोटापुरती दुसरी विद्या असूं द्यावी, आणि साथीची हौस मात्र मोडूं नये. त्याला आतांपासून गाणाऱ्यांच्या घरीं पाठवावें, घरच्या आरतीला आणि भजनाला बसवावें, सासूबाई अभंग म्हणत असतील तर त्यांच्या मागें ठेका धरावयास सांगावें. वयस्क माणसाचा श्वास मध्येंच तुटतो, शब्द रेंगाळतो, लय हलते. ती संभाळतां आली कीं कोणत्याही गवयाचें भय राहत नाहीं. सासूबाईंनाही तो नातू जरा अधिक आवडूं लागेल, हा पदरांत पडणारा फायदा निराळाच.

मार्टिन आणि डेनिस यांची जोडी पंचवीस वर्षांहून अधिक टिकली. २०२२ च्या जून महिन्यांत डेनिस कॅहिल शिकागोस वारला. मार्टिन हेज अद्याप वाजवितो, इतरांबरोबर वाजवितो, आणि चांगलें वाजवितो. परंतु ज्यानें जुनीं ध्वनिमुद्रणें ऐकलीं आहेत त्याचा कान मध्यें मध्यें त्या दोन तारांची वाट पाहतो.

बालगंधर्व १९६७ च्या जुलैमध्यें गेले, थिरकवा खांसाहेब १९७६ च्या जानेवारींत. गंधर्वांची गायकी पुढें कोणीं चालविली याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. खांसाहेबांची विद्या महाराष्ट्रांत कोठवर गेली याची होत नाहीं. ती निखिल घोष, भाई गायतोंडे यांच्या तबल्यांत राहिली हें तर झालेंच. पण जगन्नाथबुवा पुरोहित यांनीं तबला शिकला तो थिरकवांपाशीं. बुवा मोठे गायनगुरु झाले, 'गुणीदास' या नांवानें त्यांनीं बंदिशी बांधल्या, आणि त्या बंदिशी गाणारे लोक सांगतात कीं त्यांत शब्द तालावर कसा बसला आहे हें पाहण्यासारखें आहे. जगन्नाथबुवांपाशीं जे शिकले त्यांत जितेंद्र अभिषेकी होते. अभिषेकींनीं १९६४ सालीं 'मत्स्यगंधा' नाटकाला चाली दिल्या आणि १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकाला. बालगंधर्व गेले तें हेंच वर्ष.